कॉम्प्युटर बदलण्यापूर्वी दोन तारा तपासा

२०२४ च्या पावसाळ्यात भिवंडीहून कपड्याचे गठ्ठे आणणारी आमची पिकअप गाडी भर रस्त्यात बंद पडली. मीटरवरील सगळे दिवे एकदम लागले, काटे शून्यावर आले आणि इंजिन थंड. एका वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला, तर ‘यू ०१००’ हा कोड आला. म्हणजे इंजिनच्या कंट्रोल मॉड्यूलशी संपर्क तुटला. मिस्त्री म्हणाले, "शेठ, कॉम्प्युटर गेला." नवा ईसीयू, चावीचे कोडिंग आणि मजुरी मिळून आम्ही ३८ हजार रुपये मोजले. गाडी सहा दिवस उभी राहिली, ऐन सीझनमध्ये भाड्याचे टेम्पो करावे लागले ते वेगळेच. आणि पाचव्या दिवशी, पाऊस पडताच, गाडी पुन्हा तशीच बंद!

आमच्या वाचकांत गॅरेजवाले पुष्कळ आहेत आणि गाड्या बाळगणारे व्यापारी त्याहून अधिक. म्हणून पुढे जे घडले ते सविस्तर सांगतो.

पूर्वी गाडीत प्रत्येक कामाला वेगळी तार असे. आता इंजिन, ब्रेकचे एबीएस, मीटर, दरवाजे-दिवे सांभाळणारे बॉडी मॉड्यूल, हे सगळे एकाच जोडीच्या दोन तारांवर बोलतात. या पद्धतीला ‘कॅन’ म्हणतात. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८३ साली तिचे काम सुरू केले आणि १९८६ मध्ये अमेरिकेत डेट्रॉईट येथे ती जाहीर केली. एका तारेला ‘हाय’ व दुसरीला ‘लो’ म्हणतात. दोन्ही एकमेकींना पीळ देऊन नेलेल्या असतात. सुताच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या आम्हाला हा पीळ लगेच समजला. बाहेरून विजेचा त्रास झाला तर तो दोन्ही तारांवर सारखाच पडतो, आणि मॉड्यूल फक्त दोघींमधला फरक वाचते. पीळ उलगडून चिकटपट्टीने केलेला लांबलचक जोड म्हणूनच पुढे डोकेदुखी ठरतो.

दुसऱ्यांदा आम्ही गाडी कुर्ल्यातील एका वयस्क मिस्त्रींकडे नेली. त्यांनी कोड पाहिला, पण त्यावर विश्वास टाकला नाही. ते म्हणाले, "ही तक्रार इंजिनची नाही, शेजाऱ्यांची आहे. त्यांना इंजिनचा आवाज येत नाही, एवढेच ते सांगतात. इंजिन मेले आहे की मधली वाट बंद आहे, हे कोड सांगत नाही."

मग त्यांनी स्कॅनरवर एकेका मॉड्यूलला हाक मारली. मीटर व बॉडी यांनी उत्तर दिले. इंजिन आणि एबीएस गप्प. दोन मॉड्यूल एकाच वेळी बिघडणे विरळा. दोघांचा फ्यूज आणि अर्थ तपासला, तो ठीक निघाला. (ही पायरी टाळू नये. अर्थचा नट सैल किंवा बॅटरी कमजोर असली तरी असे कोड येतात.)

यानंतर बॅटरी सोडून, थोडा वेळ थांबून, त्यांनी साधा मल्टिमीटर काढला. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये ६ व १४ क्रमांकांच्या पिना या दोन तारांच्या असतात. तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, त्यामुळे निरोगी गाडीत ६० च्या आसपास आकडा येतो. शून्याजवळ आला तर तारा एकमेकींना चिकटल्या. आमच्या गाडीत आला १२०. अर्थ असा की एक टोक तुटले होते. आमच्या गाडीत एक रेझिस्टर मीटरमध्ये व दुसरा इंजिनच्या ईसीयूत होता, तेव्हा बिघाड मधल्या वाटेवरच असणार. डॅशबोर्डमागून इंजिनकडे जाणारा कनेक्टर उघडला तो पाणी शिरलेला, एका पिनेवर हिरवा गंज. पिन नवी टाकली, तारांना पुन्हा पीळ दिला, रबरी सील बदलले. मीटरवर ६० आले आणि गाडी पहिल्या चावीत सुरू झाली. मजुरी १,२०० रुपये.

आम्ही त्यांना विचारले, ६० येऊनही बिघाड असेल तर? ते म्हणाले, बॅटरी जोडून, चावी चालू करून प्रत्येक तार अर्थशी मोजावी. दोन्ही अडीच व्होल्टच्या जवळ, हाय थोडी वर आणि लो थोडी खाली दिसते. बारा व्होल्ट किंवा शून्य दिसले तर ती तार कुठेतरी बॅटरीला वा बॉडीला टेकली आहे. काही वेळा एखादे बिघडलेले मॉड्यूलच सगळ्यांचे बोलणे बंद पाडते. तेव्हा एकेकाचा प्लग काढत जावे, ज्याचा काढल्यावर बाकीचे बोलू लागतील तो दोषी. मात्र रेझिस्टर ज्याच्यात आहे त्याचा प्लग काढला की आकडा १२० होणारच, त्याने फसू नये. काही नव्या गाड्यांत सॉकेट आणि आतल्या तारा यांच्यामध्ये ‘गेटवे’ असतो. तिथे सॉकेटवरचा आकडा आतली हकीकत सांगत नाही. अशी गाडी वायरिंगच्या नकाशाशिवाय उघडू नये.

आता आम्ही ‘कॉम्प्युटर गेला’ असे ऐकले की आधी विचारतो, किती ओहम आले? गेल्या महिन्यात एका मिस्त्रीने यावर उत्तर न देता गाडी उद्या बघतो म्हटले.

काढून टाकलेला जुना ईसीयू आजही दुकानातील फळीवर पडून आहे. विकायला नेला होता. भंगारवाल्याने पाहिले, चावीशी बांधलेला आहे म्हणाला आणि २०० रुपये सांगितले.