चार-सहा आठवड्यांसाठी चिनी भाषा शिकायला जायचे, तर शाळा कोणती निवडावी?

यीवू, ग्वांगझू, शाओशिंग ही नावे आपल्या व्यापारी बांधवांना आता नवी राहिलेली नाहीत. नकली दागिने, मणी, खेळणी, कुलपे-बिजागऱ्या, दिवे, कापड, मागाचे सुटे भाग असा माल आणणारे पुष्कळ जण वर्षातून एक-दोन फेऱ्या तिकडे मारतात. मात्र भाव करताना बहुतेकांचा भरवसा दुभाष्यावर असतो. दुभाषा आपल्याकडून दिवसाची मजुरी घेतो आणि पुष्कळदा दुकानदाराकडून कमिशनही घेतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, तो तिथला रिवाजच आहे. तथापि सौद्यात तिघे असताना फक्त आपल्यालाच बोलणे समजत नसेल, तर त्याची किंमत आपणच मोजतो. म्हणून घरातल्या एखाद्या होतकरू मुलाला किंवा स्वतःलाच महिना-दीड महिना तिकडे ठेवून भाषा शिकवावी, असा विचार आता अनेक जण करू लागले आहेत. शाळा निवडताना काय पाहावे, याबद्दल येथे लिहीत आहोत.

प्रथम अपेक्षा ठरवून घ्यावी. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना चिनी भाषा कामापुरती पक्की येण्यासाठी सुमारे २२०० तास वर्ग धरते. आपण सहा आठवड्यांत फार तर शंभर-सव्वाशे तास शिकणार. तेवढ्यात भाषणे करता येणार नाहीत. पण आकडे, भाव, वजन, रंग, माप, मुदत आणि "हा माल नको, तो दाखवा" एवढे पक्के होऊ शकते. आमच्या मते व्यापाऱ्याने तेवढेच मागावे आणि तेवढे देणारी शाळा शोधावी. जाहिरातीत महिन्याभरात "अस्खलित" करण्याचे आश्वासन असेल, तर ती शाळा यादीतून वगळावी.

भाषेचा कोणता भाग कठीण आहे हे कळले की शाळेची परीक्षा घेता येते. चिनीत एकाच अक्षराचा अर्थ सुरावर बदलतो. मुख्य सूर चार आहेत: सपाट, चढता, खाली जाऊन वर येणारा आणि एकदम उतरणारा. "माय" हा शब्द तिसऱ्या सुरात म्हटला तर विकत घेणे, चौथ्या सुरात म्हटला तर विकणे. दहाला "ष" म्हणतात, चारला "स". चौदा म्हणजे "ष-स" आणि चाळीस म्हणजे "स-ष". दक्षिणेकडील पुष्कळ लोक "ष" चा उच्चार "स" असाच करतात. मग चौदा आणि चाळीस यांत फक्त सुराचा फरक उरतो. चौदा युआनचा भाव आणि चाळीस युआनचा भाव यांतला फरक कोणाला समजावून सांगायला नको. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत सूर आणि आकडे यांवर घासून मेहनत करून घेणारी शाळा आपल्या कामाची. पहिल्याच दिवशी पाहुण्यांचे स्वागत आणि चहाचे प्रकार शिकवणारी शाळा पर्यटकांसाठी ठीक.

या बाबतीत मराठी माणसाला एक फायदा आहे, तो शाळेत कोणी सांगणार नाही. चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याची "पिनयिन" ही पद्धत १९५८ साली सरकारी मान्यतेने सुरू झाली. त्यातील "बी" हे अक्षर "ब" नसून "प" आहे आणि "पी" हे "फ" आहे, तोही ओठ मिटून म्हणायचा. तसेच "डी" म्हणजे "त", "टी" म्हणजे "थ", "जी" म्हणजे "क", "के" म्हणजे "ख". आपल्याला प-फ, त-थ, क-ख लहानपणापासून वेगळे येतात. शिवाय "चार" मधला च आणि "चाक" मधला च असे दोन च मराठीत आहेत, चिनीतही हा फरक आहे. सबब नवे शब्द वहीत देवनागरीत लिहून घ्यावेत. शिक्षक नाक मुरडले तरी चालेल.

आता शाळांचे प्रकार. पहिला प्रकार विद्यापीठांचा. पेइचिंगची लँग्वेज अँड कल्चर युनिव्हर्सिटी १९६२ साली परदेशी विद्यार्थ्यांसाठीच स्थापन झाली. इतर मोठ्या शहरांतील अनेक विद्यापीठेही परदेशी लोकांना भाषा शिकवतात. यांची सत्रे साधारण सप्टेंबरमध्ये आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होतात व चार-साडेचार महिने चालतात. दुकान सोडून एवढे दिवस राहणे आपल्याला परवडत नाही. काही ठिकाणी उन्हाळ्यात चार ते आठ आठवड्यांचे वर्ग असतात, त्यांचा विचार करावा. विद्यापीठाचा कागद व्हिसासाठी भक्कम असतो आणि राहण्याची खोली आवारातच मिळण्याची शक्यता असते. मात्र वर्गात पंधरा-वीस जण असतात आणि शिकवणे परीक्षेच्या अंगाने चालते. एचएसके नावाची सरकारी परीक्षा आहे. २०१० साली आलेल्या तिच्या पद्धतीत पहिल्या पातळीला १५०, दुसरीला ३०० आणि तिसरीला ६०० शब्द ठेवले होते. तोंडी परीक्षा वेगळी घेतात. म्हणजे लेखी प्रमाणपत्र मिळवलेला मुलगा बाजारात गप्प उभा राहू शकतो.

दुसरा प्रकार खासगी शाळांचा. येथे बहुधा कोणत्याही सोमवारी प्रवेश मिळतो आणि एका विद्यार्थ्याला एक शिक्षक अशी सोय असते. ताशी दर अर्थातच जास्त. तरी हिशेब नीट करावा. शाळा "आठवड्याला २० तास" म्हणते तेव्हा एक तास पुष्कळदा ४५ मिनिटांचा असतो. म्हणजे घड्याळाचे १५ तास. वर्गात १५ जण असतील आणि शिक्षक एक शब्दही बोलला नाही असे धरले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्यात बोलण्यासाठी एक तास येतो. एकट्याने रोज दोन तास शिकले तर आठवड्यात त्याच्या कितीतरी पट बोलणे होते. सबब फी एकूण रकमेवर तोलू नये, आपल्या तोंडून किती मिनिटे चिनी निघणार त्यावर तोलावी. थोड्या दिवसांसाठी जाणाऱ्याला आम्ही एकट्याच्या वर्गाचीच शिफारस करू, मग तास कमी झाले तरी हरकत नाही.

तिसरा प्रकार बाजाराच्या गावातील वर्गांचा. यीवूच्या मोठ्या बाजाराभोवती अनेक देशांचे व्यापारी राहतात, आणि तेथील सरकारी कॉलेजात परदेशी व्यापाऱ्यांना चिनी शिकवण्याचा पाठ जुना आहे. सकाळी शिकलेले दुपारी गाळ्यावर वापरता येते, हा फायदा लहान नाही. तोटा असा की तेथे आपल्याकडचे, पाकिस्तानचे आणि अरब देशांचे लोक पुष्कळ. संध्याकाळ उर्दू-हिंदीत जाते आणि चिनी वर्गातच राहते. वर्गात कोणत्या देशांचे किती विद्यार्थी आहेत हे आधी विचारावे.

शहराचा प्रश्न येथेच येतो. शुद्ध बोलीसाठी उत्तरेकडची शहरे चांगली, हे खरे. ग्वांगझूच्या गल्लीत कँटोनी ऐकू येते, यीवूची स्थानिक बोली तर बाहेरच्या चिनी माणसालाही कळत नाही. परंतु दोन्ही ठिकाणच्या ठोक बाजारात देशभरातून आलेले दुकानदार असतात आणि आपसांत प्रमाण भाषाच बोलतात. म्हणून व्यापारासाठी शिकणाऱ्याने आपल्या मालाच्या बाजाराजवळ राहावे असे आमचे मत आहे. दागिने-मणी-खेळणीवाल्यांनी यीवू, तयार कपडे व चामड्याच्या मालवाल्यांनी ग्वांगझू. कुलपे व लोखंडी सामानाचे योंगकांग यीवूपासून जवळच आहे. मालेगाव-भिवंडीच्या कापडवाल्यांचे काम शाओशिंगच्या कच्याव भागातील कापड बाजारात असते, त्यांना जवळचे हांगचौ शिकण्यास सोयीचे. शिक्षक मात्र प्रमाण उच्चाराचाच हवा. चीनमध्ये शिक्षकांसाठी प्रमाण बोलीची सरकारी परीक्षा आहे, तिचा दाखला मागण्यात संकोच करू नये. पैसे भरण्यापूर्वी व्हिडिओवर अर्धा तास नमुना धडा घ्यावा आणि त्यात शिक्षक आपला चुकीचा सूर दर वेळी अडवतो की नाही ते पाहावे. हसून पुढे जाणारा शिक्षक गोड वाटतो, पण उपयोगाचा नाही.

फोनवर भाषांतर होते, मग एवढा खटाटोप कशाला, असे काही जण विचारतात. फोनने काम चालते, पण काही जागी फसगत होते. "पा-चअ" सूट असे ऐकले की ऐंशी टक्के सूट समजू नये. त्याचा अर्थ मूळ भावाच्या ऐंशी टक्के द्या, म्हणजे सूट वीसच टक्के. "चिन" म्हणजे अर्धा किलो आणि "कुंग-चिन" म्हणजे किलो. वजनावर मणी घेताना पुढचे एक अक्षर सुटले की भाव दुप्पट होतो. मोठे आकडे ते दहा हजारांच्या गठ्ठ्याने मोजतात, त्याला "वान" म्हणतात. दहा वान म्हणजे आपला लाख आणि हजार वान म्हणजे कोटी. लाख-कोटीची सवय असलेल्याला हे लवकर जमते.

सर्वांत मोठी गोष्ट आगाऊ पैशाची. "तिंग-चिन" या एकाच उच्चाराचे, एकाच सुराचे दोन शब्द आहेत. लिहिताना पहिले अक्षर वेगळे असते: एकाच्या डोक्यावर छपरासारखी खूण, दुसऱ्याच्या डाव्या बाजूला बोलण्याची खूण. छपरवाला शब्द म्हणजे आपला इसार. १ जानेवारी २०२१ पासून लागू असलेल्या चीनच्या दिवाणी संहितेप्रमाणे, इसार देणाऱ्याने करार मोडला तर तो बुडतो आणि घेणाऱ्याने मोडला तर दुप्पट परत करावा लागतो. इसाराची मर्यादा कराराच्या रकमेच्या वीस टक्के आहे. दुसरा शब्द म्हणजे नुसती आगाऊ रक्कम, तिला हे संरक्षण नाही. पावतीवर यांपैकी काय लिहिले आहे हे कानाने कळणारच नाही, डोळ्यानेच कळेल. म्हणून "अक्षरे नकोत, फक्त बोलणे शिकवा" असे शाळेला सांगू नये. पावती, भाव, संख्या, तारीख, माल पोचवणे, परतफेड अशी चाळीस-पन्नास अक्षरे ओळखायला शिकवा, असे सांगावे आणि आपल्या जुन्या पावत्या धडा म्हणून सोबत न्याव्यात. त्यावर शिकवायला तयार होणारी शाळा सहसा बरी निघते.

कागदपत्रांत घाई करू नये. १८० दिवसांपर्यंतच्या शिक्षणासाठी एक्स-२ नावाचा व्हिसा असतो आणि त्याला शाळेचे प्रवेशपत्र लागते. हे पत्र देण्याचा अधिकार प्रत्येक खासगी शाळेला नसतो, म्हणून तशी लेखी हमी आधी घ्यावी. व्हिसा नाकारला गेला तर फी किती परत मिळेल, हेही त्याच पत्रात लिहून घ्यावे. विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय कमाईचे काम करता येत नाही. हॉटेलबाहेर राहिल्यास २४ तासांत पोलिसांकडे नोंद करावी लागते, ती शाळा करून देणार की आपण करायची ते विचारावे. २०२० मध्ये बंद पडलेली थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता-ग्वांगझू मार्गाने पुन्हा सुरू झाली, त्यामुळे प्रवास थोडा सुकर झाला आहे. व्हॉट्सॲप आणि गूगल तिकडे बंद असतात, घरच्यांना तसे सांगून जावे.

खाण्याची चौकशी शाळा निवडतानाच करावी. हलालला चिनीत "छिंग-चन" म्हणतात. अनेक विद्यापीठांत छिंग-चन भोजनालय असते, पण सुटीच्या वर्गांच्या काळात ते उघडे राहते का हे विचारावे. लानचौ शेवयांची छोटी दुकाने बहुधा हुई मुसलमान चालवतात आणि ती बहुतेक शहरांत सापडतात. चिनी कुटुंबात राहण्याची सोय शाळा सुचवते, भाषेसाठी ती उत्तमच. पण नुसते "रो" म्हणजे मांस असे म्हटले की तेथे डुकराचेच समजतात, आणि मांस टाळले तरी चरबी भाजीत असू शकते. तेव्हा "वो पू छ चू-रो" म्हणजे डुकराचे मांस खात नाही, एवढे सांगून भागत नाही, "चू-यो" म्हणजे त्याची चरबीही नको असे सांगावे लागते. यजमान घर हुई नसेल तर आम्ही वेगळी खोली आणि स्वतःची शेगडी सुचवू.

जाण्यापूर्वी महिनाभर घरीच रोज अर्धा तास पिनयिन, सूर आणि शंभरपर्यंतचे आकडे करून घ्यावेत, म्हणजे तिकडचा महागडा पहिला आठवडा त्यात जात नाही. दिवस निवडताना चिनी नववर्ष टाळावे. जानेवारीअखेर ते फेब्रुवारी यांत ते येते, तेव्हा बाजार व शाळा दोन्ही बंद असतात. १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय सुटीचा आठवडाही सोडावा. ग्वांगझूला शिकायचे असेल तर एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील कँटन मेळाव्याच्या दिवसांत खोल्यांचे भाडे चढते, तेव्हा त्या काळात जायचे झाल्यास खोली शाळेकडूनच आधी पक्की करून घ्यावी.