सारण कोरडं, कणीक सैल

भरलेला पिझ्झा मी पहिल्यांदा केला तेव्हा सुरी फिरवताक्षणी ताटात पाणी पसरलं. ढोबळी मिरची, कांदा, पालक, टोमॅटो सगळं कच्चंच चिरून भरलं होतं. भाज्या जितक्या कमी शिजवू तितकं पोषण जास्त, असा माझा हिशेब. वरची पारी खरपूस झाली होती, तळ मात्र चहात बुडवलेल्या खारीसारखा. सासूबाईंनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, “अगं, पुरण सैल राहिलं की पोळी फुटते ना? मग हे तरी निराळं कसं होईल?”

तेव्हापासून शनिवारचा पिझ्झा आमच्याकडे पुरणपोळीच्या नियमांनी होतो.

हा प्रकार शिकागोचा. १९७० च्या दशकात तिथल्या इटालियन दुकानांनी तो रूढ केला. खोल थाळ्यात एक पारी, तिच्यावर चीजचा जाड थर, वर दुसरी पातळ पारी आणि सगळ्यात वर टोमॅटोचा सॉस. मी त्यातला सॉस जागच्या जागी ठेवते, मैदा आणि चीज कमी करते.

पीठ २५० ग्रॅम: २०० ग्रॅम कणीक, ५० ग्रॅम मैदा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम कणकेत सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, मैद्यात ३ ग्रॅमहूनही कमी. म्हणजे सगळा मैदा घेतला तर पूर्ण पिझ्झ्यात जेमतेम ७ ग्रॅम तंतू येतात, या मिश्रणात २४ च्या आसपास. मात्र कोंडा पाणी सावकाश पितो आणि पिठाचा चिवटपणा तोडतो. म्हणून छोटा चमचाभर ड्राय यीस्ट, चिमूटभर साखर, पाऊण चमचा मीठ आणि साधारण १८० मिली कोमट पाणी घालून पीठ नुसतं कालवते आणि वीस मिनिटं झाकून ठेवते. मग चमचाभर तेल लावून दहा मिनिटं तिंबते. पोळीच्या कणकेपेक्षा सैल, हाताला किंचित चिकटणारं हवं. इथे कोरडं पीठ भुरभुरवायचा मोह आवरायचा. घट्ट कणकेची पारी भाजल्यावर कडक होते. उन्हाळ्यात पाऊण तासात गोळा दुप्पट फुगतो, थंडीत दीड तास लागतो.

तोवर सारण. ४०० ग्रॅम भाज्या: कांदा, ढोबळी मिरची, गाजर, मक्याचे दाणे, पालक. पसरट कढई चांगली तापवून, झाकण न ठेवता, मोठ्या आचेवर परतायच्या. मीठ अगदी शेवटी, कारण आधी घातलं की भाज्यांना लगेच पाणी सुटतं आणि त्या परतल्या न जाता शिजतात. पालक वेगळा वाफवून मुठीत घट्ट पिळायचा. निथळलेलं हिरवं पाणी आमटीत जातं. झालंय हे कळायची खूण सोपी: झाऱ्याने भाजी बाजूला सारली की कढईचा तळ कोरडा दिसला पाहिजे. ओरेगॅनो संपला असेल तर ओवा चुरडून घालते. दोन्हींत थायमॉल असल्यामुळे वास परका वाटत नाही. पण चिमूटभरच, नाहीतर पोटदुखीच्या औषधाची आठवण येते.

भाज्या पूर्ण गार झाल्यावरच ८० ग्रॅम मोझरेला किसून आणि ६० ग्रॅम पनीर कुस्करून मिसळते. मोझरेला तार देतो, पनीर भर घालतं. आठ तुकड्यांत मोझरेला प्रत्येकी १० ग्रॅम येतो आणि मुलांना तो कमी पडल्याचं कळत नाही.

आठ इंची केकच्या भांड्याला तेलाचा हात फिरवून मोठी पारी कडांवर येईल अशी बसवायची. सारण दाबून भरायचं, वर छोटी पारी, आणि कडेला करंजीसारखी मुरड. ही मुरड आमच्याकडे सासूबाईच घालतात. माझी भाजताना उकलते. वरच्या पारीला मधोमध बोटभर भोक हवंच, नाहीतर वाफ कोंडून पारी फुग्यासारखी वर येते. टोमॅटो-लसणीचा सॉस चमचा उभा राहील इतका आटवून भोक सोडून वर पसरायचा. तो वर असल्याने त्याचं उरलेलं पाणी ओव्हनमध्ये उडून जातं, सारणात उतरत नाही.

आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर पंचवीस ते तीस मिनिटं. ओव्हन नसेल तर जाड कढईत स्टँड ठेवून, झाकण लावून, मंद आचेवर. वरून रंग येत नाही, म्हणून सॉस न लावता शेवटी तव्यावर उलटून दोन मिनिटं भाजायचं आणि सॉस सोबत वाढायचा.

एवढं करून हा काही पथ्याचा पदार्थ होत नाही. चीज आहे, मीठ आहे. पण दोन तुकडे आणि वाटीभर कोशिंबीर घेतली की एका माणसाचं जेवण होतं आणि त्यात १०० ग्रॅम भाजी आपसूक पोटात जाते. माझा मुलगा पालक एरवी ताटाच्या कडेला सारतो, इथे मागून घेतो.

आणि एक. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं सुरी लावू नका. चीज थोडं आळतं, वाफ निघून जाते आणि तुकडा अखंड उचलता येतो.