कासच्या पठारावर पाऊल जपून

वैशाखात कासच्या पठारावर गेलेल्या माणसाला तेथे पाहण्याजोगे काहीच सापडत नाही. तापलेला जांभा, करपलेले गवत आणि भणाणता वारा. तोच कातळ भाद्रपदात रंगांनी भरून जातो.

साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवरील या पठारावर सुमारे ८५० जातींच्या सपुष्प वनस्पतींची नोंद आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा मानले, त्यात कासचा समावेश झाला. सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्याला लागून असलेले चांदोलीचे अरण्यही त्याच वारशाचा भाग आहे.

येथील मातीचा थर इतका पातळ आहे की मोठे झाड मूळ धरू शकत नाही. राज्य आहे ते वीतभर उंचीच्या रोपांचे. तेरडा गुलाबी पट्टे पसरतो, सोनकी पिवळी झळाळते, गेंदाचे पांढरे गोळे वाऱ्यावर डुलतात. माती निकस असल्याने काहींनी निराळाच मार्ग धरला आहे. दवबिंदू चिकट केसांनी कीटक पकडतो, तर जांभळी सीतेची आसवे पाण्यातील सूक्ष्म जीवांवर पोषणाची उणीव भरून काढतात. कारवी मात्र सात-आठ वर्षे वाट पाहून एकदाच फुलते.

यांतील बहुतेक रोपांचे आयुष्य एका पावसाळ्याचे. पाणी आटण्याआधी उगवणे, फुलणे आणि बी धरणे, सारे काही थोड्या आठवड्यांत उरकावे लागते. बी हेच पठाराचे भांडवल. छायाचित्रासाठी फुलांत बसलेला माणूस उठून जातो, पण त्याच्याखाली चिरडलेल्या रोपाचे बी पडत नाही आणि पुढील वर्षीची जागा रिकामी राहते.

म्हणून येथे दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा घालण्यात आली. आसपासच्या गावांच्या समित्या वनविभागासोबत व्यवस्था पाहतात. संरक्षणाचा प्रश्नही सरळ नाही. तारेच्या कुंपणाने गुरांची चराई थांबली, गवत माजले आणि लहान फुलांना ऊन मिळेनासे झाले, असे जाणकारांचे मत पडले. पुढे ते कुंपण हटविण्यात आले.

कुटुंबासह जाणाऱ्यांनी ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या आरंभीचा काळ निवडावा, रविवार टाळावा आणि नोंदणी आधीच करावी. तंबूचा मोह पठारावर नको. मुक्काम साताऱ्यात ठेवल्यास सूर्यास्तापूर्वी परतून भोजनही उरकते. मुलांना आखलेल्या वाटेवरूनच चालवावे आणि फूल खुडू देऊ नये.

हाच काळ चातुर्मासाचा. हिरव्या अंकुरांची आणि सूक्ष्म जीवांची विराधना टळावी म्हणून साधू-साध्वी या दिवसांत विहार थांबवतात. त्यामागचा विवेक मुलांना समजावायचा असेल, तर कासच्या पाऊलवाटेसारखी दुसरी शाळा नाही. पाऊल कोठे टाकायचे, हे तेथे प्रत्येक पावलाला पाहावेच लागते.