५०,००० डोकी विरुद्ध एक माणूस: निर्णय कोणी घ्यायचा?

व्हिडिओत ही गोष्ट घाईत उरकली, म्हणून इथे नीट सांगतो.

पूर्वी लोक पोस्टकार्डावर चाल लिहून बुद्धिबळ खेळायचे. एकेका चालीला विचार करायला कित्येक दिवस मिळायचे. १९९९ मध्ये तसाच एक डाव इंटरनेटवर रंगला. पांढरी मोहरी गॅरी कास्पारोव्हकडे आणि काळी अख्ख्या जगाकडे, म्हणजे ७५ हून जास्त देशांतल्या ५०,००० हून जास्त लोकांकडे. प्रत्येक चालीला २४ तास. जगाची चाल मतदानाने ठरायची, सल्ल्याला चार तरुण खेळाडू होते.

जगाने सिसिलियन हा आक्रमक बचाव निवडला. दहाव्या चालीला १५ वर्षांच्या इरिना क्रशने वजिराची अगदी नवी चाल सुचवली. एका फटक्यात दोन प्याद्यांवर हल्ला! जगाने दोन्ही प्यादी मारली, बदल्यात घोडा घेऊन हत्ती सोडला. कास्पारोव्हला चार महिने घाम गाळावा लागला. दुसऱ्या कुठल्याच डावावर इतकी मेहनत घेतली नव्हती, असं तो नंतर म्हणाला.

मग जग हरलं कुठे? शेवटी पटावर वजीर आणि मोजकी प्यादी उरली. तिथे एकेक चाल मोलाची होती. ५८ व्या चालीला क्रशचा सल्ला वेळेत मतदारांपर्यंत पोहोचलाच नाही आणि मतं दुसऱ्या चालीला पडली. ६२ व्या चालीनंतर जगाने हार मानली. आणखी एक गंमत: जगाची चर्चा उघड्यावर चालायची आणि कास्पारोव्ह ती वाचत होता. हे त्याने स्वतःच कबूल केलं.

आता आपल्या धंद्यात काय घ्यायचं?

१. समोरच्याने अचानक भाव पाडला, तर त्याच दिवशी उत्तर देऊ नका. एक रात्र जाऊ द्या, हिशोब मांडा.

२. कल्पना सगळ्यांकडून घ्या, पण शेवटचा शब्द एकाचाच ठेवा. भागीदारीत तर हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहा. मतदानाने चाल ठरते, जबाबदारी ठरत नाही.

३. सल्ला वेळेत पोहोचला नाही तर तो नसल्यासारखाच. कोण, कोणाला, कधीपर्यंत कळवणार, हे आधी ठरवा.

४. पुढचा बेत व्हॉट्सअॅप स्टेटसवर टाकू नका. गिऱ्हाईक बघतं, तसा शेजारचा दुकानदारही बघतो.

आजचा गृहपाठ: तुमच्या धंद्यात खरेदी, भाव आणि उधारी यांवर शेवटचा शब्द कोणाचा? तीन नावं वहीत लिहा. एखाद्या जागी "सगळ्यांचा" असं लिहावंसं वाटलं, तर आधी तिथेच काम करा.