चोवीस इंच आणि एक शिक्का

‘थ्री-नॉट-थ्री’ मराठी वाचकाला परकी नाही. पोलीस ठाण्याच्या दारात, कोषागाराच्या पहाऱ्यावर ती पिढ्यान् पिढ्या दिसत आली. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हाती हीच रायफल होती आणि समोर एके-47. तिचे खरे नाव ली-एन्फिल्ड. बोल्टची रचना जेम्स पॅरिस ली यांची आणि जन्म लंडनच्या उत्तरेकडील एन्फिल्डच्या सरकारी कारखान्यातला. 1907 साली आलेल्या तिच्या ‘मार्क थ्री’ या रूपाने पहिले महायुद्ध लढले. दुसऱ्या महायुद्धात ‘नंबर फोर’ ही सुधारित आवृत्ती आली. आज ब्रिटनमधल्या शेकडो घरांत ही रायफल पोलादी कपाटात कुलूपबंद असते. बंदुकीच्या बाबतीत एवढ्या कडक असलेल्या देशात ती कायदेशीरपणे कशी राहते, याची गोष्ट रायफलीइतकीच गुंतागुंतीची आहे.

इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड यांचा मूळ कायदा 1968 चा. त्याच्या पहिल्या कलमात रायफली येतात, दुसऱ्यात शॉटगन आणि पाचव्यात बंदी घातलेली शस्त्रे. पहिल्या कलमातली रायफल घ्यायची तर ती कशासाठी हवी, याचे पटण्याजोगे कारण पोलिसांना द्यावे लागते. ‘आवडते म्हणून’ हे कारण चालत नाही. जुन्या लष्करी रायफलींचे शौकीन त्यासाठी गृहखात्याची मान्यता असलेल्या नेमबाजी क्लबात नाव घालतात, किमान तीन महिने उमेदवारी करतात आणि मग अर्ज भरतात. अर्जदाराबद्दल पोलिसांना सांगू शकतील अशा दोन ओळखीच्या व्यक्तींची नावे द्यावी लागतात. पोलिसांचा माणूस घरी येऊन कपाट पाहून जातो. परवाना मिळतो पाच वर्षांचा. कोणत्या कॅलिबरची रायफल आणि एका वेळी किती काडतुसे, हे त्यावर लिहिलेले असते. दुसरी रायफल हवी असेल तर परवान्यात बदल मागावा लागतो.

शॉटगनचा रस्ता तुलनेने सोपा आहे. तिथे प्रत्येक बंदुकीसाठी वेगळे कारण द्यावे लागत नाही. म्हणूनच लष्करी रायफलीचे रूपांतर करून तिला शॉटगन बनवण्याची कला ब्रिटनमध्ये रुजली. नळीच्या आतल्या वळणदार खाचा कापून ती गुळगुळीत करायची, किंवा नवी गुळगुळीत नळी बसवायची, आणि .410 बोअरची छऱ्यांची काडतुसे चालतील असा मागचा भाग घडवायचा. बाहेरून दस्ता तोच, बोल्ट तोच, लाकडावरचे कारखान्याचे शिक्केही तेच.

पण इथे कायदा हातात फूटपट्टी घेऊन उभा राहतो. शॉटगनची नळी किमान 24 इंच हवी. मॅगझिन एक तर नसावे, किंवा काढता न येणारे आणि दोनच काडतुसे मावतील असे असावे. शिवाय ज्या रायफलीची खाचांची नळी कधी काळी 24 इंचांहून आखूड होती, तिची नळी बदलून शॉटगन केली तरी ती पहिल्या कलमातून सुटत नाही. ‘मार्क थ्री’ आणि ‘नंबर फोर’ यांची नळी 25.2 इंचांची, म्हणजे त्या जेमतेम सव्वा इंचाने वाचतात. जंगलयुद्धासाठी बनवलेली ‘नंबर फाइव्ह’ कार्बाइन नळीच आखूड असल्याने अडकते. मॅगझिन बदलले असेल तर त्यावर मान्य शिक्का आणि सोबत लेखी दाखला लागतो. तो देतात लंडनची गनमेकर्स कंपनी किंवा बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस. पहिलीची सनद 1637 ची, दुसऱ्याची स्थापना 1813 ची. नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार टाकून नळी टिकते का, हे पाहायचे आणि मगच शिक्का उमटवायचा, हे या दोन्ही संस्थांचे मूळ काम.

या रूपांतराचे जुने घराणे आपल्याकडेही आहे. बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्यात ब्रिटिश काळातच ली-एन्फिल्डच्या .410 मस्केट बनत. पोलीस आणि तुरुंगाचे पहारेकरी त्या वापरत. गुळगुळीत नळी, मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा आणि एका वेळी एकच बार. बंदूक चुकीच्या हाती पडली तरी तिच्यात सैन्याचे काडतूस चालू नये, हा त्यामागचा हिशेब. भारताच्या शस्त्र नियमांत .303 रायफलीबरोबर .410 मस्केटही सामान्य नागरिकाला निषिद्ध बोअरमध्ये येते. ब्रिटनमध्ये मात्र .410 झालेली ली-एन्फिल्ड नियमांत बसली तर शॉटगनच्या परवान्यावर मिळते.

खुद्द ब्रिटिश सैन्यानेही ‘नंबर फोर’ बदलून घेतली. नाटोचे 7.62 मिलिमीटरचे काडतूस आल्यावर एन्फिल्डमध्ये तिला जाड, नवी नळी बसवून एल-42 ही स्नायपर रायफल तयार झाली. 1982 च्या फॉकलंड युद्धात ती वापरली गेली. अशा रायफली इंग्लंडमधल्या बिस्लीच्या नेमबाजी मैदानावर आजही दिसतात. ब्रिटिश नेमबाजांची नॅशनल रायफल असोसिएशन 1859 पासूनची. तिच्या स्पर्धा 1890 पासून बिस्लीला भरतात.

प्रत्येक रायफलीला मात्र असा पुनर्जन्म मिळत नाही. 19 ऑगस्ट 1987 रोजी हंगरफर्ड गावात एका माणसाने 16 जणांना गोळ्या घालून मारले. पुढच्याच वर्षी, ज्या वर्षी एन्फिल्डचा कारखाना बंद झाला त्याच 1988 मध्ये, दुरुस्ती कायदा आला. .22 रिमफायर वगळता आपोआप पुढची गोळी भरणाऱ्या रायफलींवर बंदी आली. त्यातली सर्वांत कठोर तरतूद अशी की, एकदा बंदीच्या वर्गात बसलेले शस्त्र कसेही बदलले तरी त्याच वर्गात राहते. अमेरिकी गॅरंड रायफलीची आपोआप गोळी भरण्याची यंत्रणा काढून ती हाताने चालवायची केली तरी ती निषिद्धच. बंदीचे शस्त्र सापडले तर, अपवादात्मक परिस्थिती नसल्यास, किमान पाच वर्षांची कैद.

उलट बाजूला व्हिक्टोरिया राणीच्या काळातली मार्टिनी-हेन्री आहे. तिचे काडतूस कालबाह्य ठरलेल्यांच्या यादीत असल्याने केवळ शोभेची म्हणून ती बिनपरवाना भिंतीवर टांगता येते. ती उडवायचा विचार असेल तर मात्र परवाना हवा. तिच्याच शतकातली ली-मेटफर्ड मात्र .303 ची आणि ते काडतूस या यादीत नाही, म्हणून ती कपाटात. 2021 च्या नियमांनी पुरातन शस्त्राची व्याख्या पक्की केली आणि यादीतून सात प्रकारची काडतुसे वगळली.

एवढ्या मोजमापांनंतर एक प्रश्न उरतोच: बंदूक धरणाऱ्या माणसाचे काय? हंगरफर्डचा मारेकरी परवानाधारक होता. 13 मार्च 1996 रोजी डनब्लेनच्या शाळेत 16 मुले आणि त्यांच्या शिक्षिकेचा जीव घेणाराही परवानाधारक होता. ऑगस्ट 2021 मध्ये प्लिमथ शहरातल्या कीहॅम भागात पाच जणांना मारणाऱ्याला तर पोलिसांनी जप्त केलेली शॉटगन काही आठवड्यांपूर्वीच परत दिली होती. त्यानंतर नोव्हेंबर 2021 पासून अर्जदाराच्या प्रकृतीची माहिती डॉक्टरकडून घेणे सक्तीचे झाले. त्याआधीच, 2015 मध्ये, लॉ कमिशनने हा विखुरलेला कायदा एकत्र बांधावा, अशी शिफारस केली होती.

जुन्या रायफलीचा शौक या कायद्याने मारला नाही. उलट शौकिनाला कारागिरी, इतिहास आणि कायदा तिन्ही शिकवले, हे मान्य करावे लागेल. पण बंदुकीची नळी इंचाच्या दहाव्या भागापर्यंत मोजणाऱ्या या व्यवस्थेने ती धरणाऱ्या माणसाची पारख करायला फार उशिरा सुरुवात केली.