दाबलेल्या हवेचें माप

भिवंडी म्हटली कीं यंत्रमागांची खडखड आठवते. ती बह्वंशीं धोट्याची. आडवें सूत घेऊन धोटा मागावर इकडून तिकडे धांवत असतो. आतां कांहीं कारखान्यांत हें काम हवेचा झोत करूं लागला आहे. अशा मागाला दाबलेली हवा कॉम्प्रेसर पुरवितो. तो केवढा घ्यावा, यावर मालकाचें विजेचें बिल अवलंबून असतें.

येथें दाब आणि प्रमाण या दोन गोष्टी निराळ्या मानल्या पाहिजेत. नळाला जोर असूनही धार बारीक असूं शकते, हवेचेंही तसेंच. प्रमाण मिनिटाला इतके घनफूट असें सांगतात. मात्र ते घनफूट दाबलेल्या हवेचे नसून बाहेरच्या मोकळ्या हवेचे असतात. दट्ट्याच्या कॉम्प्रेसरचे आंकडेही दोन असतात. दट्ट्या सिलिंडरांत जेवढी जागा व्यापतो, तो पहिला. प्रत्यक्ष जेवढी हवा पदरांत पडते, तो दुसरा. आंत शिरतां शिरतां हवा तापते, झडपांतून थोडी निसटते. त्यामुळें दुसरा आंकडा नेहमींच लहान असतो. खरेदी त्यावरूनच करावी.

समजा, आठ माग आहेत व प्रत्येकाला 40 घनफूट हवा लागते. एकूण 320 झाले. 400 चें यंत्र पुरेसें वाटेल. परंतु तो आंकडा पहिला असेल आणि शेंकडा 80 च हवा मिळत असेल, तर हातीं नेमके 320 येतात. गळतीसाठीं कांहींच उरत नाहीं. मोठी टांकी बसवूनही ही उणीव भरत नाहीं. टांकी हवा सांठविते, निर्माण करीत नाहीं.

मग आणखी मोठें यंत्र आणावें काय? त्यापूर्वीं एक साधी परीक्षा करावी. सर्व माग थांबवून कॉम्प्रेसर तेवढा चालू ठेवावा. दर दहा मिनिटांत दोन मिनिटें तो हवा भरूं लागला, तर शेंकडा 20 हवा सांध्यांतून व नळ्यांतून निसटत आहे असें समजावें. खरोखर 400 घनफूट देणाऱ्या यंत्रांत ही गळती 80 घनफूट, म्हणजे दोन मागांची हवा. चौरस इंचास 100 पौंड दाबाला एका अश्वशक्तीमागें सुमारें 4 घनफूट हवा मिळते. म्हणजे जवळजवळ 20 अश्वशक्ति वायां जाते.

तेव्हां प्रथम गळती बंद करावी, मग मागांची बेरीज करावी आणि तींत थोडी शिल्लक धरावी. गरजेहून फार मोठें यंत्र रिकामें फिरतांनाही वीज खातें.