पंक्चर काढताना रडू का येते



मी या वेळी सायकलच्या पंक्चरवर लिहिले आहे. तुम्ही म्हणाल, यात लिहिण्यासारखे काय? पण आपल्या गावापासून हायस्कूल ४ किलोमीटर आहे. माझी ताई दहावीला आहे. तिला आठवीत मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळाली. सकाळची एसटी गेली की दुपारपर्यंत दुसरी नाही, आणि पंक्चरचे दुकान पार फाट्यावर. म्हणजे चाकातली हवा गेली की एकतर पायी जा, नाहीतर शाळा बुडवा. आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांच्या ताया अशाच सायकलीने जातात.

पूर्वी सायकलच्या चाकांना भरीव रबर असायचे. त्यात हवाच नव्हती, म्हणून पंक्चरही नव्हते. पण बसणाऱ्याची हाडे खिळखिळी व्हायची. मग १८८८ साली बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलप नावाच्या माणसाने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेचे टायर बसवले. हा डनलप जनावरांचा डॉक्टर होता! त्याच्या आधी १८४५ मध्ये थॉमसन नावाच्या माणसानेही हवेचे चाक शोधले होते, पण ते मागे पडले. तेव्हापासून आपण हवेवर बसून जातो आणि काटा टोचला की खाली उतरतो.

आपल्याकडे काट्यांना काही तोटा नाही. बांधावरच्या बाभळी तोडून कुंपणाला नेतात, तेव्हा वाटेवर काटे सांडतात. दुसरा शत्रू म्हणजे सराटा. पाऊस संपला की तो वाळतो. तो दिसायला बारीक, पण कसाही पडला तरी बहुधा त्याचा एक काटा वर राहतो. बाभळीचा काटा मोडून टायरमध्येच बसला तर हवा लगेच जात नाही. रात्री चाक टणक असते आणि सकाळी बघावे तर चपाती. हे सगळ्यात वाईट, कारण सकाळी वेळच नसतो.

चाक बसलेले दिसले की लगेच टायर काढू नये. आधी वॉल बघावा. वॉलच्या तोंडावर बोटाने थोडे पाणी लावायचे. बुडबुडा आला तर पंक्चर नाही, वॉलट्यूब गेली आहे. वॉलच्या आत एक बारीक नळी असते, तिला बाजूला भोक असते आणि त्यावर रबराची छोटी वॉलट्यूब चढवलेली असते. पंपाची हवा त्या रबराला फुगवून आत जाते. आतली हवा बाहेर यायला बघते तेव्हा तीच रबराला दाबून भोक बंद करते. मला हे फार आवडले. हवाच आपले दार लावते. ते रबर जुने झाले की चिरते. नवे बसवले की काम झाले.

पण वॉल चांगला असेल तर मग टायर काढावेच लागते. सायकल सीटवर आणि हँडलवर उलटी ठेवायची. चाक खोलायची गरज नाही. टायरची एकच बाजू रिंगमधून काढायची आणि ट्यूब बाहेर ओढायची. वॉल कुठे होता ते लक्षात ठेवायचे, नंतर त्याचा उपयोग आहे. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती घमेल्यातल्या पाण्यात थोडी थोडी बुडवत जायची. जिथे बुडबुडे येतात तिथे भोक. तिथे बॉलपेनने मोठी फुली करावी, कारण बोट उचलले की भोक हरवते.

आता रडायची गोष्ट सांगते. ताईची सराव परीक्षा सोमवारी होती आणि रविवारी दुपारी मागचे चाक बसले. मामा आलेला होता. तो म्हणाला, "दहा मिनिटांचं काम आहे." मी ट्यूब धरून बसले. मामाने सोल्यूशन लावले आणि लगेच वर ठिगळ चिकटवले. हवा भरली तर ठिगळ एका कडेने उचलले. कारण असे की सोल्यूशन म्हणजे पेट्रोलसारख्या पातळ द्रवात विरघळवलेले रबर. तो पातळ भाग उडून गेला पाहिजे. म्हणून ते पातळ पसरून पाच मिनिटे थांबायचे, बोट लावून बघितले की ओले लागत नाही, तेव्हा ठिगळ ठेवायचे. (चुलीजवळ हे करू नका, ते पेटते.) आधी ट्यूब काचपेपरने खरवडायची आणि पाणी अगदी पुसायचे. ठिगळ गोल कापायचे, चौकोनाचे कोपरे उचलतात. जुन्या ट्यूबचे ठिगळ असेल तर तेही खरवडून त्यालाही सोल्यूशन लावायचे. मग जोरात दाबायचे.

दुसऱ्यांदा ठिगळ पक्के बसले. हवा भरली, चाक टणक झाले, ताई अंगणात दोन फेऱ्या मारून आली आणि पुन्हा फुस्स! नवे भोक, आधीच्या अगदी शेजारी. म्हणजे काटा टायरमध्येच होता. मामाने आतून हात फिरवला, त्याला काही लागले नाही. त्याचे हात राबून राठ झालेत. तेव्हा आजीने वातीचा कापूस दिला आणि म्हणाली, "ह्यो फिरव आतनं." कापूस टायरच्या आतून फिरवला तर एका जागी त्याचे धागे अडकले. तिथे बाभळीच्या काट्याचे टोक होते, तिळाएवढे! पकडीने ते बाहेर ओढले. कुठे शोधायचे हेही ठरवता येते. वॉलपासून ट्यूबवर भोक जेवढे लांब, टायरवर काटा तेवढाच लांब. भोक ट्यूबच्या आतल्या बाजूला, रिंगकडे असेल तर मात्र काटा शोधू नका, तारेचे टोक वर आले आहे का ते बघा.

तिसऱ्यांदा टायर चढवताना शेवटचा भाग हाताने बसेना. मामाने चपट्या पान्याने तो जोरात आत ढकलला आणि पान्याखाली ट्यूब चिमटली. शेजारी शेजारी दोन भोके. आता मामा काहीच बोलेना. ताई पुस्तक मिटून ओट्यावर बसली, तिचे डोळे भरले होते. मलाही रडू आले. दिवेलागण झाली होती आणि सोल्यूशनच्या नळीत थोडेच उरले होते.

मग ताईच उठली. तिने बॅटरी माझ्या हातात दिली आणि दोन्ही भोकांवर एकच लांबट ठिगळ लावले. वर खडूची भुकटी लावली, म्हणजे उरलेले सोल्यूशन टायरला चिकटत नाही. ट्यूबमध्ये अगदी थोडी हवा भरून ती गोल केली, म्हणजे ती पान्याखाली येत नाही. टायर वॉलच्या समोरच्या बाजूने चढवायला सुरुवात करून वॉलजवळ शेवट केला. शेवटचा भाग पान्याने नाही, दोन्ही अंगठ्यांनी ढकलला. मग सगळीकडे टायर दाबून ट्यूब कुठे बाहेर डोकावते का ते पाहिले आणि मग पंप मारला.

रात्री मी दोनदा उठून चाक दाबून बघितले. सकाळी ते टणक होते. ताई पेपरला वेळेवर पोचली, भूमितीचा होता.

पंप आमच्या घरी आहे. कोणाला लागला तर संध्याकाळी सहानंतर या. त्याचे चामड्याचे वॉशर वाळले की हवा जात नाही, तेव्हा येताना दोन थेंब गोडेतेल आणा, आमची आजी रोज रोज देत नाही.

— इयत्ता ४ थी